तोंडाला येणारा वास: आधी मोजा, मग बोला

तोंडाला वास येतो, हे सहसा कुणी तोंडावर सांगत नाही. समोरचा किंचित मागे सरकतो, मेट्रोत शेजारी बसलेला मान वळवतो, वर्गातली मैत्रीण न विचारता च्युइंगगम पुढे करते, आणि माणूस काय ते समजून घेतो. मग बोलताना हात तोंडापुढे जातो, खिशात लवंगा-वेलदोडे येतात, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची शोधली जाते. मुलाखत असो, स्थळ बघणं असो, कुणाच्या कानात दोन शब्द बोलणं असो, धास्ती सुटत नाही. असं वर्षानुवर्षं काढणारी माणसं आपल्या आसपास आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या वासाचं कारण सापडू शकतं आणि तो बराही होऊ शकतो. थोडे मात्र असे उरतात की ज्यांचं दुखणं आपल्या दवाखान्यातल्या नेहमीच्या तपासणीत दिसतच नाही. हा वास येतो कुठून, तो शोधायचा कसा आणि या उरलेल्यांसाठी कोणतं संशोधन हवं, हे क्रमाने पाहू.

वास तयार कसा होतो

कायम वास येणाऱ्या दर दहा जणांपैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत उगम तोंडातच असतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले जोसेफ टॉन्झेटिच यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत गॅस क्रोमॅटोग्राफी या तंत्राने श्वासातले वायू वेगवेगळे करून पाहिले. वासाचे मुख्य धनी ठरले गंधकाचे वायू: हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन आणि कमी प्रमाणात डायमिथाइल सल्फाइड. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे तुंबलेल्या गटारातून किंवा सडक्या अंड्यातून येणारा वायू. मिथाइल मरकॅप्टनचा वास त्याहून उग्र. घरगुती सिलिंडरचा गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम मिसळतात ते इथाइल मरकॅप्टन याच कुळातलं. या कुळातले वायू हवेत अत्यल्प असले तरी नाकाला कळतात.

हे वायू तयार करतात ते प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू. त्यांचं अन्न म्हणजे प्रथिनं: दातांत अडकलेले कण, तोंडाच्या अस्तरातून गळालेल्या मृत पेशी, हिरड्यांतून झिरपणारं रक्त, नाकातून घशात उतरणारा शेंबूड. या प्रथिनांतल्या सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि मेथिओनीनमधून मिथाइल मरकॅप्टन.

जिवाणूंची मोठी वस्ती असते जिभेच्या मागच्या भागावर. आरशासमोर जीभ पूर्ण बाहेर काढली तर घशाकडे पांढरट-पिवळट थर दिसतो. तिथे जिभेवर बारीक केसांसारखे उंचवटे असतात, आणि जाड सतरंजीच्या धाग्यांत धूळ बसावी तसा त्यांच्या फटींत हा थर बसतो. पुढची जीभ टाळूला, दातांना घासून आपोआप साफ होत राहते, मागची तशी होत नाही. दुसरी वस्ती हिरड्यांखाली. हिरडी आणि दात यांमधली फट निरोगी तोंडात साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. कीटण साचून हिरडी सुजली की ती ४, ५, ६ मिलिमीटरपर्यंत जाते, आणि तितक्या खोल ब्रश पोहोचत नाही.

या सगळ्याला आवर घालते ती लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तोंड धुऊन काढते. झोपेत ती जवळजवळ थांबते, म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो आणि दात घासून, खाऊन-पिऊन तो जातो. हा आजार नव्हे.

नागपूरकराच्या तोंडात

आपल्याकडे या कारणांत स्थानिक भर पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उन्हात काम करणाऱ्याचं तोंड दिवसादेखील कोरडं पडतं. त्यावर पाणी कमी आणि चहा जास्त झाला की लाळेचं काम अर्ध्यावर येतं.

पण खरा घात होतो तो खर्ऱ्याने. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा देणं चालूच आहे. खर्ऱ्याचा स्वतःचा वास येतो हे खरं, पण तो वरवरचा भाग. तंबाखूने हिरड्या खराब होतात. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठर होत जातं आणि तोंड उघडणं कमी कमी होतं. हा आजार पुढे कर्करोगाकडे नेऊ शकतो. ज्याच्या तोंडात नीट दोन बोटं जात नाहीत, त्याचा ब्रश मागच्या दाढांपर्यंत जाणार कसा? जीभही पुरती बाहेर येत नाही, त्यामुळे मागचा थर तसाच राहतो. अशा माणसाला चांगलं माउथवॉश लिहून देणं म्हणजे मूळ दुखणं नजरेआड करणं. त्याची आधी तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीने तपासणी व्हायला हवी आणि खर्रा सोडायला मदत मिळायला हवी.

सावजी रश्शातल्या लसणाची गोष्ट निराळी. लसणातला गंधकाचा एक पदार्थ पचनानंतर रक्तात उतरतो आणि फुप्फुसांतून श्वासात येतो. म्हणून कितीही दात घासले तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत तो जाणवतो, मग आपोआप ओसरतो.

पोट साफ नाही म्हणून वास येतो, ही समजूत घरोघरी आहे. पण अन्ननलिका एरवी मिटलेली असते, पोटातली हवा सतत तोंडाकडे येत नाही. तीव्र आम्लपित्त किंवा वारंवार ढेकर येत असतील तर पोटाचा संबंध तपासावा, पण पहिली पायरी तिथून सुरू करू नये. जुलाबाची औषधं घेऊन तोंडाचा वास जात नाही.

शोधायचा कसा

स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला नीट कळत नाही, कारण सतत येणाऱ्या वासाची नाकाला सवय होते. ओंजळीत फुंकर मारून किंवा मनगट चाटून काढलेला निष्कर्ष भरवशाचा नाही. ज्याच्यावर विश्वास आहे अशा घरच्या माणसाला विचारणं हा सगळ्यात चांगला उपाय, आणि विचारण्याचीही एक पद्धत आहे. आधी तोंड मिटून फक्त नाकाने श्वास सोडायचा. मग नाक चिमटीत धरून फक्त तोंडाने सोडायचा. वास तोंडातूनच येत असेल तर कारण तोंडात किंवा घशात. नाकातूनच येत असेल तर नाकात किंवा सायनसमध्ये. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर मणी किंवा शेंगदाणा अडकलेला असू शकतो. नाक आणि तोंड दोन्हींतून सारखाच येत असेल तर वास रक्तातून फुप्फुसांत येत असण्याची शक्यता असते, आणि हा माणूस वेगळ्या तपासणीचा धनी असतो.

दवाखान्यातली तपासणीही नाकानेच सुरू होते. त्याआधी दोन दिवस कांदा-लसूण नको, एक दिवस अत्तर किंवा सुगंधी तेल नको, आणि तपासणीच्या सकाळी दात घासणं आणि चूळ भरणं नको. रुग्ण थोडा वेळ तोंड मिटून बसतो, मग हळूच श्वास सोडतो, आणि प्रशिक्षित डॉक्टर काही सेंटिमीटरवरून हुंगून ० ते ५ असे गुण देतात. मागच्या दाढांमधून दोरा फिरवून तो वेगळा हुंगतात, जिभेचा थर चमच्याने खरवडून तोही. कवळी असेल तर ती थोडा वेळ बंद पिशवीत ठेवून पाहतात. कुठल्या जागेचा वास श्वासाच्या वासाशी जुळतो, हे यातून कळतं.

उपचाराचा क्रम

कारण तोंडात सापडलं तर क्रम सरळ आहे. दंतवैद्याकडून कीटण काढून घ्यायचं, हिरड्यांखाली खोल फटी असतील तर तिथवर सफाई, किडलेल्या दाढा भरून घेणं, सैल झालेली कॅप बदलणं. त्यानंतर रोजचा पाठपुरावा: दोन वेळा ब्रश, रात्री दातांमधून दोरा किंवा बारीक ब्रश, आणि टंग क्लीनर मागून पुढे हलक्या हाताने, रक्त न काढता. जीभ साफ करणं आपल्याकडे नवं नाही. चरकसंहितेत दिनचर्येच्या वर्णनात सोनं, चांदी, तांबं अशा धातूंच्या जीभ-साफ-पट्ट्या सांगितल्या आहेत. कवळी रात्री काढून ठेवावी. पाणी पुरेसं प्यावं. तोंड कोरडं पाडणारी औषधं चालू असतील, उदाहरणार्थ ॲलर्जीच्या किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या, तर त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावं.

जस्त असलेलं माउथवॉश गंधकाच्या वायूंना बांधून ठेवतं. क्लोरहेक्सिडिन जिवाणू कमी करतं, पण फार दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. लवंग आणि बडीशेप वास झाकतात, कारण हटवत नाहीत.

जे उरतात

हे सगळं करूनही ज्यांचा वास जात नाही, त्यांना दंतवैद्य कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवतात, तिथून पोटाचे डॉक्टर, आणि सगळे रिपोर्ट चांगले आले की शेवटी ‘हे तुमच्या मनात आहे’ असं ऐकवलं जातं. काही जणांच्या बाबतीत ते खरंही असतं. वास नसताना तो येतो अशी पक्की खात्री वाटणं, हा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीत स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. त्यातलं दुःख खरं असतं आणि मानसोपचाराने त्यावर उपाय होतो. पण मनात आहे हे ठरवण्याआधी श्वास मोजला का, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि कशाने मोजला, हाही.

कारण अनेक दंतचिकित्सालयांत वापरलं जाणारं सल्फाइड मोजायचं यंत्र मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड पकडतं. मिथाइल मरकॅप्टन त्याला कमी कळतं आणि डायमिथाइल सल्फाइड जवळजवळ कळतच नाही. नेमका हाच तिसरा वायू रक्तातून येणाऱ्या वासात पुढे असतो. यंत्राचा आकडा चांगला येतो, माणूस खोटा ठरतो.

असाच एक आजार २०१८ मध्ये नेचर जेनेटिक्स या नियतकालिकात मांडला गेला. तीन कुटुंबांतल्या पाच रुग्णांमध्ये एका जनुकात बिघाड सापडला. त्या जनुकातून बनणारं प्रथिन मिथाइल मरकॅप्टनचा निचरा करतं. ते निकामी झालं की गंधकाचे वायू रक्तात साचतात आणि आयुष्यभर श्वासातून बाहेर पडतात. दात कितीही स्वच्छ असले तरी फरक पडत नाही. हा शोध ज्या वाटेने लागला ती वाट नागपूरने मुद्दाम पाहावी अशी आहे. नेदरलँड्समधल्या नायमेगन विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ दूषित हवेतला डायमिथाइल सल्फाइड काढून टाकणाऱ्या जिवाणूंवर १९९० च्या दशकापासून काम करत होते. त्या कुळातल्या जिवाणूंचं एन्झाइम आणि माणसातलं एक प्रथिन यांची घडण सारखी निघाली, आणि वर्षानुवर्षं अनुत्तरित राहिलेल्या रुग्णांना त्यांच्या दुखण्याचं नाव मिळालं. हवा स्वच्छ करण्याचं शास्त्र आणि तोंडाच्या वासाचं वैद्यक एका टेबलाशी बसलं, म्हणून हे घडलं.

दुसरा आजार ट्रायमिथाइलॲमिनुरियाचा. त्यात यकृतातलं एक एन्झाइम कमी पडतं आणि घाम, लघवी, श्वास यांना मासळीसारखा वास येतो. अंड्याचा पिवळा बलक, समुद्री मासे, सोयाबीन यांचं प्रमाण आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने कमी केलं की अनेकांना आराम पडतो. लघवीच्या एका तपासणीने तो ओळखता येतो, पण ती तपासणी सुचवणारा डॉक्टर भेटावा लागतो. याखेरीज श्वासाला गोडसर फळासारखा वास आणि सोबत उलट्या, थकवा असेल तर मधुमेहाच्या गंभीर अवस्थेची शंका घेऊन लगेच दवाखाना गाठावा. अमोनियासारखा वास असेल तर मूत्रपिंडं तपासावीत.

कोणतं संशोधन हवं

उपचारांचा पुरावाही अजून कच्चा आहे. कोक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये ४४ चाचण्या तपासल्या. त्यांत १,८०९ रुग्ण होते. टंग क्लीनर, माउथवॉश, टूथपेस्ट, च्युइंगगम, कशाच्याही बाजूने ठाम म्हणता येईल असा पुरावा त्यांना मिळाला नाही. इतक्या सर्रास त्रासासाठी चाचण्या लहान आहेत, थोड्या दिवसांच्या आहेत, आणि दर ठिकाणी वास मोजण्याची पद्धत निराळी आहे.

नागपुरात हे काम उभं करायला लागणारी माणसं आणि संस्था आहेत. १९६८ पासूनचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेडिकल आहे, मिहानमध्ये एम्स आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेली, हवा आणि सांडपाण्यावर काम करणारी नीरी याच शहरात आहे. सुरुवात कठीण नाही. दंत ओपीडीत आठवड्यातून एक सकाळ श्वासाच्या रुग्णांसाठी राखून ठेवता येईल. नाकाने गुण द्यायची एकच पद्धत सगळ्यांनी वापरता येईल. ज्यांचा वास नाकातून आणि तोंडातून सारखा येतो, त्यांच्या श्वासाचे नमुने गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी पाठवता येतील, आणि त्यांत डायमिथाइल सल्फाइड सापडलं तर जनुकीय तपासणी करता येईल. असा आजार आई-वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आल्यावरच होतो, म्हणून ज्या कुटुंबांत नात्यातली लग्नं होतात तिथे तो आवर्जून शोधायला हवा. खर्रा खाणाऱ्यांच्या आणि न खाणाऱ्यांच्या श्वासातले वायू शेजारी ठेवून मोजले तर विदर्भाचा स्वतःचा अभ्यास उभा राहील आणि व्यसनमुक्तीच्या कामालाही एक नवं साधन मिळेल.

तोवर ज्याला हा त्रास आहे त्याने दंतवैद्याकडे तीन प्रश्न घेऊन जावं: माझ्या हिरड्यांच्या फटींची खोली किती मिलिमीटर आहे, वास तोंडातून येतो की नाकातूनही, आणि माझा श्वास कोणत्या पद्धतीने मोजला. तिन्हींची उत्तरं केसपेपरवर लिहून घ्यावीत. पुढच्या डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत असला की शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, आणि असे कागद शेकड्याने जमले की त्यांतूनच संशोधनाचा पाया घातला जाईल.