करी रोडला न थांबणारी गाडी

लालबागच्या मुलांना एक नियम तोंडपाठ असतो : लोकल फास्ट असेल, तर ती करी रोडला थांबत नाही. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतले 'जर-तर'चे प्रश्न असेच असतात.

सांगा पाहू, एक गाडी करी रोडला न थांबता धडधडत गेली. ती फास्ट लोकलच होती का? वर्गात निम्मे हात 'हो' म्हणून वर जातात. पण ती लांब पल्ल्याची मेलही असेल की! म्हणून उत्तर, 'निश्चित सांगता येत नाही'. हा पर्याय मुलांना का कोण जाणे, आवडतच नाही. आणि हातचा गुण जातो.

दुसरी गाडी करी रोडला थांबली. ती फास्ट लोकल आहे का? छे! असती तर थांबलीच नसती. हे उत्तर मात्र पक्के.

आता खरी गंमत. गाडी स्लो आहे, मग थांबेलच? तुम्ही रोज बघता, थांबते. पण दिलेल्या नियमात स्लो गाडीबद्दल अक्षरही नाही! पेपरात फक्त दिलेला नियम धरायचा.

हे आईबाबांनाही घाला : 'जोराचा पाऊस पडला, तर हिंदमाताला पाणी तुंबते' असे धरा. आज तिथे पाणी तुंबलेले नाही. मग जोराचा पाऊस पडला का?