वाटीभर जेवण, हजारोंचं बिल

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

पोरांच्या मोबाईलवर तुम्हीही कधीतरी पाहिलं असेल. एक देखणी ताटली, तिच्या मधोमध दोन घास अन्न आणि शेजारी दोन काड्या. हे महागातलं जपानी हॉटेल. किंमत ऐकली की आपण म्हणतो, "अगं बाई, एवढ्यात पोट तरी भरतं का?" आणि पुढचं बघतो. पण आपल्या गटांतल्या कितीतरी जणी खाणावळ चालवतात, पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतात, जत्रेत स्टॉल मांडतात. त्यांना तर हा प्रश्न पडायलाच हवा, की ही माणसं दोन घासांचे एवढे पैसे घेतात ते नेमके कशाचे? आज आपण तेच बघूया.

ही हॉटेलं कुठून आली?

लहान लहान ताटल्यांत जेवण वाढण्याच्या दोन तऱ्हा जपानमध्ये फार जुन्या आहेत. पहिली इझाकाया. 'इ' म्हणजे बसणं, थांबणं आणि 'साकाया' म्हणजे साके विकणारं दुकान. साके ही तांदळाची दारू. आपल्याकडे मराठेशाही होती त्या सुमारास जपानच्या शहरांत लोक साके विकत घ्यायला यायचे आणि तिथेच बसून प्यायला लागले. मग दुकानदार सोबत काहीतरी चाखायला देऊ लागला. दारूचं नाव ऐकून तुमच्या कपाळावर आठी आली असेल, ते आम्हाला ठाऊक आहे. पण आज आपल्याला बोलायचंय ते त्या चाखण्याबद्दल. तोच पदार्थ पुढे महत्त्वाचा झाला. इझाकायात चार-पाच ताटल्या मधे ठेवतात आणि सगळे मिळून खातात. साधी इझाकाया गल्लोगल्ली असतात, आणि फार महागडीही असतात.

दुसरी तऱ्हा काइसेकी. ही चहाच्या समारंभातून आली. सेन नो रिक्यू हे चहाचे मोठे आचार्य होऊन गेले, १५२२ ते १५९१ हा त्यांचा काळ. चहाआधी पाहुण्याला थोडंसं, साधं, नेटकं जेवण द्यायचं, अशी ती रीत. काइसेकी या नावाचा अर्थ मोठा ऐकण्यासारखा आहे. ते लिहितात त्या अक्षरांचा अर्थ होतो 'उराशी धरलेला दगड'. बौद्ध साधू भूक सोसण्यासाठी गरम दगड अंगरख्यात पोटाशी धरायचे, असं सांगतात. म्हणजे बघा, जपानमधल्या सगळ्यांत महागड्या जेवणाचं नाव भुकेवरून पडलंय! आज क्योटो शहरात चांगल्या ठिकाणी रात्रीच्या काइसेकी जेवणाला माणशी २०,००० येन किंवा त्याहूनही जास्त पडतात. १०० येन म्हणजे आपले साधारण ५५ ते ६० रुपये धरा. म्हणजे एका माणसाचे अकरा-बारा हजार रुपये झाले. जपानमधली साधी माणसंही असं रोज जेवत नाहीत. त्यांच्या घरी भात, एक सूप आणि दोन-तीन कालवणं-भाज्या असतात.

जेवण कसं होतं?

अशा हॉटेलात आयत्या वेळी जाऊन चालत नाही, आधी जागा सांगून ठेवावी लागते. काही ठिकाणी तर उण्यापुऱ्या आठ-दहा खुर्च्या असतात, त्याही आचाऱ्याच्या ओट्यासमोर. आचारी कापतो, शिजवतो, ते सगळं पाहुण्यासमोर. जागा सांगून कुणी आलंच नाही, तर पुष्कळ ठिकाणी त्याचे पैसे भरून घेतात.

बसल्याबसल्या हात पुसायला ओला, बहुतेक वेळा गरम रुमाल देतात. इझाकायात आणखी एक गंमत आहे. तुम्ही न मागताच एक छोटी वाटी पुढे येते, कधी भाजी, कधी माशाचा तुकडा. तिला 'ओतोशी' म्हणतात. ती फुकट नसते, बिलात लागते. साध्या ठिकाणी ३०० ते ५०० येन, भारी ठिकाणी त्याहून जास्त. परदेशी पाहुणे यावरून हुज्जत घालतात. पण तिथला हिशोब सरळ आहे. तुम्ही जागा अडवलीत, तिचे हे पैसे.

काय खाणार, हे बऱ्याच ठिकाणी विचारतही नाहीत. पाहुणा म्हणतो 'ओमाकासे', म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. मग आचारी बाजारात त्या दिवशी जे उत्तम मिळालं, ते क्रमाने वाढतो. काइसेकीत आधी तोंड रुची घेईल असा एखादा घास, मग झाकणाच्या वाटीत निवळ सूप, मग कच्च्या माशाचे काप, मग शिजवलेलं, भाजलेलं. सगळ्यांत शेवटी भात, मिसोचं सूप आणि लोणचं. आपल्या रोजच्या ताटात भाकरीनंतर भात येतो ना, तसंच. त्यानंतर थोडं फळ किंवा गोड. दहा-बारा छोट्या वाट्या झाल्या की पोट बरोबर भरतं. अन्न टाकून द्यायची वेळ येत नाही.

काही रीती पाळायच्या असतात. भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत, कारण मृताला दाखवायच्या भातात त्या तशा रोवतात. एका काडीने दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. मर्तिकाच्या रीती आपणही एरवी टाळतोच की. सुपाची वाटी मात्र उचलून तोंडाला लावली तरी चालते, तिथे ते वावगं नाही. आणि बक्षिसी ठेवायची पद्धत नाही.

जेवून उठताना जपानी माणूस म्हणतो, 'गोचिसोसामा'. यातल्या 'चिसो' शब्दाचा मूळ अर्थ आहे धावपळ. पाहुण्यासाठी कुणीतरी पळापळ केली, इथून तिथून सामान जमवलं, त्या धावपळीचे आभार मानायचे. मैत्रिणींनो, हा शब्द लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या गोष्टीचं सार त्यात आहे.

मग पैसे कशाचे?

एक, हंगामाचे. प्रत्येक पदार्थाचा उत्तम काळ असतो, त्याला जपानीत 'शुन' म्हणतात. वसंतात बांबूचे कोंब, उन्हाळ्यात नदीतला आयू मासा, शरदात मात्सुताके नावाची अळंबी. आपण हापूसची किंवा रानभाज्यांची वाट बघतो तसंच. ताटलीसुद्धा हंगामाप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात थंडावा वाटावा म्हणून काचेची, हिवाळ्यात मातीची जाड.

दोन, हाताच्या कसबाचे. क्योटोमध्ये जुलैत गिओन नावाचा मोठा उत्सव असतो. तेव्हा हामो मासा खातात. कोकणातल्या मैत्रिणींनो, हा तुमच्या वामीच्या जातीतला. त्यात बारीक काटे इतके, की ते उपसून काढता येत नाहीत. मग आचारी वजनदार सुरीने त्याला काप देतो. साधारण ३ सेंटिमीटर लांबीत २४ ते २६ काप! काटे तुटले पाहिजेत, पण खालची कातडी तुटता कामा नये. हे जमायला वर्षंच्या वर्षं सराव लागतो. ताटलीत येतो तो एक पांढरा, फुलासारखा उमललेला तुकडा. तोंडात टाकला की संपला. पण पैसे द्यायचे ते त्या कापांचे आणि ते शिकण्यात गेलेल्या वर्षांचे.

तीन, दिसत नाही अशा कामाचे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' हे पाणी. कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांपासून ते करतात. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला. उत्तम प्रतीचा तयार व्हायला कित्येक महिने लागतात. त्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढून पाण्यात जेमतेम मिनिटभर ठेवतात आणि गाळून घेतात. दिसायला नुसतं पाणी, पण चव तिथेच असते. याच कोंबूवर काम करताना किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये 'उमामी' ही वेगळी चव शोधून काढली. पुढच्याच वर्षी त्यातून अजिनोमोटो बाजारात आलं. चायनीजच्या गाडीवर असतं ना, तेच!

इथे शाकाहारी मैत्रिणींसाठी एक सूचना. दाशीत मासा असतो, म्हणून जपानी हॉटेलात नुसती भाजी मागवली तरी ती शाकाहारी असेलच असं नाही. विचारून घ्यावं. बौद्ध मठांतलं 'शोजिन' जेवण मात्र शाकाहारी असतं. त्यात कांदा-लसूणही चालत नाही, आणि दाशी कोंबू व अळंबीची करतात.

चार, वेळेचे. आठ खुर्च्या आणि पाहुणा दोन-तीन तास बसलेला. तेवढ्या वेळात त्या जागेवर दुसरं गिऱ्हाईक घेता येत नाही. जागेचं भाडं, माणसांचे पगार, सगळं त्या आठ जणांत वाटलं जातं. नावाचा आणि थाटाचा भाग त्यात असतोच, तेही खरं. पण बाकीचं मेहनतीचं मोल असतं, आणि ते उघड घेतलं जातं.

आपलं सोयाबीन तिथे काय होतं?

मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या बायांनो, आता तुमच्या पिकाची गोष्ट. इझाकायात गेलं की हमखास मागवतात ती एदामामे. म्हणजे काय? हिरव्या सोयाबीनच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या! आपण भुईमुगाच्या शेंगा उकडतो तशा. शेंग ओठाशी धरून दाबायची आणि दाणे खायचे. त्यासाठी मोठ्या दाण्याचे वेगळे वाण लावतात, पण पीक तेच.

सोया सॉस सोयाबीनचाच, मिसो सोयाबीन आंबवून केलेलं, तोफू म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर. क्योटोमधल्या देवळांच्या आसपास जुनी हॉटेलं आहेत, तिथे कोंबूच्या पाण्यात गरम केलेला तोफू हेच मुख्य जेवण. सोयाचं दूध तापवलं की वर साय धरते, ती काडीने अलगद उचलतात. तिला 'युबा' म्हणतात आणि मोठ्या मानाने वाढतात. आपल्याकडे सोयाबीन क्विंटलवर विकलं जातं आणि आपला संबंध तिथेच संपतो. तिथे ते भिजवतात, वाटतात, गाळतात, आंबवतात. दाणा सोयाबीनचाच, पण पुढच्या प्रत्येक कामाला दाम मिळतो.

यात बाई कुठे आहे?

घरचा स्वयंपाक तिथेही बाईच करते. पण पगाराचा, नावाचा स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी केला. बाईचे हात गरम असतात, त्याने सुशीचा मासा बिघडतो, असंसुद्धा म्हटलं जायचं! जुन्या मोठ्या हॉटेलांत मालकिणीला 'ओकामी' म्हणतात. पाहुण्यांचं स्वागत, नोकरमाणसं, सगळा कारभार तिच्याकडे. पण सुरी पुरुषाच्या हातात.

आता हे बदलतंय. निकी नाकायामा ही जपानी आईवडिलांची मुलगी अमेरिकेत वाढली. २०११ मध्ये तिने लॉस एंजेलिसला 'एन नाका' हे काइसेकीचं हॉटेल काढलं. मिशेलिन ही टायरवाली फ्रेंच कंपनी हॉटेलांना तारे देते, त्याला जगभर मान आहे. २०१९ मध्ये तिच्या हॉटेलाला दोन तारे मिळाले. आलेल्या पाहुण्याला काय वाढलं, याची ती नोंद ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी तोच पदार्थ पुन्हा येत नाही. आपल्या मुंबईतही वांद्र्याचं 'इझुमी' हे जपानी हॉटेल शेफ नूरेशा काबली सांभाळतात.

आता आपला हिशोब

आपल्या गटाला पुरणपोळीची ऑर्डर आली की आपण काय मोजतो? डाळ, गूळ, पीठ, तूप, गॅस. त्यावर थोडे पैसे टाकतो आणि भाव सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, जरा कमी करा," की आपण कमी करतो. पुरण शिजवणं, वाटणं, कणीक तिंबणं, तव्यासमोर उभं राहणं, भांडी घासणं हे त्यात कुठेच नसतं. आणि पोळी न फुटता लाटायला आपण किती वर्षं शिकलो, ते तर नाहीच नाही.

येत्या बैठकीत एवढं करून बघा. एक ऑर्डर घ्या. समजा १०० पोळ्या, तीन बायका, पाच तास. म्हणजे १५ तास काम झालं. तुमच्या गावात खुरपणीला बाईला तासाला जी मजुरी पडते, ती निदान त्या १५ तासांना लावा. मग किराणा, गॅस, जाण्यायेण्याचं भाडं, भांड्यांची झीज मिळवा. आलेल्या रकमेला १०० ने भागा आणि आजच्या तुमच्या भावाशेजारी मांडा. आकडे वहीत लिहा, कारण तोंडी हिशोबात आपली मजुरीच आधी गळते.

भाव लगेच वाढवता येईल असं नाही. गावातलं गिऱ्हाईक गावातलंच असतं, त्याचीही ऐपत बघावी लागते. पण आपण किती सोडतोय, हे तरी आपल्याला कळलं पाहिजे. जाणून सोडणं वेगळं आणि मोजलंच नाही म्हणून जाणं वेगळं.

बैठकीत बोलायला हे तीन प्रश्न घ्या. आपल्या भागात फक्त त्या हंगामातच मिळतं आणि चांगलं विकलं जाईल, असं काय आहे? आपल्यातल्या कुणाच्या हाताला असं कसब आहे, जे बाकीच्यांना जमत नाही? आणि ते कसब आपण आजवर फुकट देत आलोय का? उत्तरं आम्हाला जरूर कळवा.

तोवर, तुमच्या सगळ्यांच्या रोजच्या धावपळीला आमचं 'गोचिसोसामा'!