पडदा मोठा, अक्षर धूसर

मुंबई-गोवा महामार्गावरून महाड औद्योगिक वसाहतीकडे वळलं की रासायनिक कारखान्यांच्या टाक्या आणि नळांचं जाळं दिसू लागतं. आतल्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये मात्र सगळं लक्ष एका आकड्यावर असतं. द्रावणाचं प्रमाण ०.५ की ५, हे पडद्यावरच्या एका टिंबावर ठरतं. लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडल्यावर तेच टिंब पुसट झालं, तर ती तक्रार नुसत्या गैरसोयीची राहत नाही.

ही तक्रार आता घरोघरी आणि ऑफिसोऑफिसी ऐकू येते. मॉनिटर जोडला की अक्षरं एक तर मुंगीएवढी होतात किंवा धुकं पडल्यासारखी दिसतात, माऊस अडखळतो, पंखा घोंघावू लागतो. ‘लॅपटॉप जुना झाला, फॉरमॅट मारून घ्या,’ असा सल्ला मिळतो. पण फॉरमॅट मारून ना पडद्यावरचे ठिपके कमी होतात, ना केबल बदलते. नवा लॅपटॉप घेण्याआधी या दोन गोष्टी पाहायलाच हव्यात.

फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, फोरके पडद्यावर ८२,९४,४००. म्हणजे बरोबर चौपट. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली, तर तयार चित्र नुसतं पडद्यापर्यंत पोचवायला सेकंदाला सुमारे दोन जीबी माहिती हलवावी लागते. ते चित्र रचण्याचं काम आणखी वेगळं. ऑफिसच्या साध्या लॅपटॉपला ग्राफिक्ससाठी स्वतंत्र मेमरी नसते. एक्सेल, ब्राउझर आणि पडद्यावरचं चित्र हे सगळे एकाच रॅमवर जगतात. त्यातही ८ जीबीची एकच रॅम बसवलेली असेल, तर माहितीचा रस्ता एकपदरी राहतो. ज्या लॅपटॉपमध्ये दुसरी खाच रिकामी आहे, त्यात जोडीची रॅम बसवली की रस्ता दुपदरी होतो, आणि हा फरक हाताला जाणवतो.

आता अक्षरांचं. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर एका इंचात सुमारे १४१ ठिपके बसतात, २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर सुमारे ९२, तर २७ इंची फोरकेवर १६३. विंडोजचं १०० टक्के हे माप ९६ ठिपक्यांवर बेतलेलं आहे. त्यामुळे लॅपटॉपला १२५ टक्के आणि मोठ्या फोरकेला १५० टक्के, अशी वेगवेगळी मापं लागतात. प्रत्येक पडद्याला वेगळं माप देण्याची सोय २०१३ च्या विंडोज ८.१ पासून आहे. पण त्याआधी लिहिलेली कित्येक सॉफ्टवेअर एकच माप ओळखतात. ती दुसऱ्या पडद्यावर नेली की विंडोज त्यांचं तयार चित्र घेऊन ताणतं, लहान फोटो मोठा करावा तसं. धूसरपणा येतो तो इथून.

याचा मार देवनागरीला जास्त बसतो. विंडोज २००० पासून लाखो मराठी माणसांनी ज्या ‘मंगल’ टंकात वाचलं-लिहिलं, तो सुलेखनकार आर. के. जोशी यांनी घडवलेला. देवनागरीत शिरोरेषा आडवी धावते, वर अनुस्वार आणि रफार, खाली उकार. ताणलेल्या चित्रात शिरोरेषा ठिपक्यांच्या दोन ओळींमध्ये अडकते आणि काळीची करडी होते. अनुस्वार तिच्यातच विरघळतो. ‘रंग’चं ‘रग’ होतं. कामगारांसाठीच्या सुरक्षेच्या सूचना मराठीत टाइप करणाऱ्याने यासाठी डोळे ताणावेत, हे मुळीच योग्य नाही. माप नीट बसवलं की हा त्रास टळतो.

माऊस अडखळण्याचं मूळ बहुतेकदा केबलमध्ये किंवा हबमध्ये सापडतं. एचडीएमआय १.४ ला फोरके चित्र सेकंदाला तीसदाच पाठवता येतं. २०१३ साली आलेल्या २.० ला साठदा जमतं. स्वस्तातले बरेच यूएसबी-सी हब अजून तीसवरच थांबतात. सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं की हा आकडा लगेच दिसतो. डिस्प्लेलिंक पद्धतीचे डॉक तर चित्र आधी दाबून लहान करतात आणि मग यूएसबीतून पाठवतात. त्या दाबण्याचा भार थेट प्रोसेसरवर येतो. कमी वॅटचा चार्जर, जाळीत साचलेली धूळ आणि मे महिन्यातला कोकणातला उकाडा यांमुळेही लॅपटॉप आपला वेग आवरता घेतो.

मॅकवाल्यांची गत थोडी वेगळी. फोरके मॉनिटरवर ‘२५६० बाय १४४०’ हे माप निवडलं, की मॅक आतल्या आत ५१२० बाय २८८० चं चित्र रंगवतो, म्हणजे जवळपास दीड कोटी ठिपके, आणि मग ते आक्रसून दाखवतो. जुन्या मॅकला हे जड जातं.

यावर डेस्कटॉप घ्या, असं कुणी म्हणेल. पण जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं होतं. उचलून माडीवर नेता येणाऱ्या यंत्राचं मोल इथल्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही.

लॅबमधल्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी एक उपाय आहे. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज इथवर जायचं आणि तिथे ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ निवडून पाहायचं. बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरं त्याने ठसठशीत होतात. औषधांच्या कारखान्यात उपकरणाला जोडलेल्या संगणकावर असा बदल करायचा, तर आधी क्यूए म्हणजे गुणवत्ता हमी विभागाची परवानगी आणि नोंद हवी. मग एखाद्या जुन्या अहवालाची छापील प्रत शेजारी ठेवायची आणि पडद्यावरची दशांशचिन्हं एकेक करून तिच्याशी ताडून पाहायची.