वर बघू नकोस, माय

माय जेवायला बसली की मी मोबाइलचं घड्याळ लावून समोर बसते. आधी एक मिनिट नुसते तिचे श्वास मोजायचे. न्हाणीतून आल्या आल्या ३० भरतात, खाटेवर टेकून बसली की हळूहळू २४ वर येतात. त्याआधी ताट वाढायचं नाही, हा आता आमच्या घरचा नियम आहे. भात निवतो, माय कुरकुरते, पण नियम मोडत नाही.

श्वास मोजायची अक्कल माझी नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला गावातल्या माणसांना हेच शिकवलं. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, मिनिटाची वाळू संपली की थांबायचं. तान्ह्या लेकरांसाठी केलेली ही मोजणी मी सत्तरीच्या बाईच्या ताटाशी आणून ठेवली आहे, एवढंच.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात. मायनं जन्मात विडी ओढली नाही, खर्रा तोंडात धरला नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं चुलीपुढं बसली, आणि पावसाळ्यात ओल्या सरपणावर फुंकणी मारत राहिली. डॉक्टरांच्या कागदावर ‘सीओपीडी’ लिहिलेलं आहे, गावात त्याला दमाच म्हणतात. गॅस आला तेव्हा त्यावर चहा होऊ लागला, भात मात्र चुलीवरच. “ग्यासच्या भाताले चव नाई,” हे तिचं म्हणणं.

दम्याचं आम्हाला ठाऊक होतं. गिळण्याचं नव्हतं. वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, दोन्ही वेळा उजव्या फुप्फुसाच्या खालच्या कोपऱ्यात. आता कळतं की त्या कोपऱ्याला कारण आहे. श्वासनलिकेची उजवी फांदी डावीपेक्षा रुंद आणि सरळ उतरते, त्यामुळे चुकून आत गेलेलं पाणी किंवा शीत बहुधा तिकडंच घसरतं. ज्या दवाखान्यात तिला भरती केलं तिथं ती जेवते कशी हे कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर आम्हीही सांगितलं नाही. जेवताना ठसका लागतो, ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे?

ठसका लागला की आपल्या घरांत काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. “वर बघ, वर बघ! कोण आठवण काढतंय?” टाळूवर थापट्या, आणि लगेच पाण्याचा गडू ओठाला. आम्ही वर्षभर हेच केलं, मनापासून केलं. त्यातला गडू आणि ते वर बघणं, दोन्ही तिच्यासाठी नेमकं उलटं होतं.

स्वतःच्या कंठावर बोट ठेवा आणि एक आवंढा गिळा. बोटाखालची गाठ वर उचलली जाते आणि खाली येते. त्या एका सेकंदाच्या आसपास श्वास पूर्ण थांबलेला असतो. स्वरयंत्र वर सरकतं, त्याच्या तोंडावर झाकण कलतं, आत स्वरपट्ट्या मिटतात आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. वाट एकच आहे, हवा आणि अन्न पाळीपाळीनं वापरतात. बहुतेक निरोगी माणसं श्वास सोडता सोडता गिळतात आणि गिळून झालं की उरलेला श्वास बाहेर टाकतात. घशात कण राहिला असेल तर तो त्या झुळकीनं बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. हे कोणी शिकवत नाही. पोटातलं पोरदेखील गर्भजल गिळत असतं, पण श्वासाशी मेळ जन्मानंतर बसतो.

आता मायचा हिशेब बघा. मिनिटाला ३० श्वास म्हणजे एका श्वासाला दोन सेकंद. त्यातला एक सेकंद गिळण्यानं खाल्ला, तर उरतं काय? त्यात तिच्या फुप्फुसांत जुनी हवा अडकून पडलेली, छाती आधीच फुगलेली. गिळून होताच शरीर हवेसाठी आसुसतं आणि पहिला श्वास आत ओढतं. घशात रेंगाळलेलं शीत त्या श्वासाबरोबर निघतं.

हे सगळं मी पडद्यावर पाहिलं, नागपुरात. गावाहून दीडशे किलोमीटरांवर जाऊन. सिरोंच्याच्या माणसाला हीच वाट धरायची तर त्याचा अख्खा दिवस प्रवासात जाईल. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात हे मला तेव्हाच कळलं. तोवर मला वाटायचं, ते बोबड्या पोरांसाठी असतात. क्ष-किरणाच्या यंत्रापुढं मायला खुर्चीत बसवलं आणि बेरियम मिसळलेलं पाणी, मग लापशीसारखं घट्ट, मग भात असं चमच्याचमच्यानं दिलं. पडद्यावर जबडा, मणक्यांची माळ आणि हवेची नळी दिसत होती. भाताचा घास गेला, पण जिभेच्या मुळाशी जी खोबण असते तिथं थोडा साचून राहिला. मग पातळ पाणी आलं. एक बारीक पांढरी रेघ पुढच्या नळीत उतरली. मी मायकडं पाहिलं. ती शांत बसली होती, ठसका नाही की काही नाही.

“ठसका लागतो ते बरं,” थेरपिस्ट ताई म्हणाल्या. “लागत नाही, त्याची भीती.”

हे वाक्य घेऊन मी परत आले. कारण गेले दोन महिने आम्ही खूश होतो की मायचा ठसका कमी झालाय.

घरी आल्यावर पहिला वाद तांदळावरून. आमच्या जिल्ह्यात तांदूळ म्हणजे एचएमटी. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि त्यातून हे वाण वाढवलं. नाव पडलं ते घड्याळावरून. बारीक दाणा, आणि जुना तांदूळ असेल तर शीत न् शीत मोकळं. पाहुण्याच्या ताटात असा भात वाढला की मायची मान ताठ व्हायची. पण सुटा भात आणि वर पातळ वरण, हेच तिच्या घशाला सर्वांत अवघड. वरण आधी धावतं, शितं मागं विखरून राहतात. आता आम्ही नवा तांदूळ आणतो, पाणी जास्त घालून गिचका शिजवतो आणि घोटलेलं घट्ट वरण त्यात कालवतो. “असा भात आजाऱ्याले देतेत,” माय म्हणाली. मी काही बोलले नाही.

मुरमुरे बंद, चिवडा बंद. ज्वारीची आंबील मात्र चालते, घट्टसर. चहात बुडवलेला टोस्ट गेला, त्याचं तिला सगळ्यात जास्त दुःख आहे.

पाठ सरळ, पाय जमिनीला टेकलेले. चमचा लहान. घास तोंडात घेतला की चमचा खाली ठेवायचा, नाहीतर हात आपोआप पुढचा घास उचलतो. हनुवटी किंचित छातीकडं. वर बघायचं नाही. गिळायचं, मग ओठ मिटून नाकानं किंवा फुंकणी मारावी तसा श्वास बाहेर. ही खूण तिला एका दिवसात जमली. फुंकणीनं दम दिला आणि फुंकणीच कामी आली, असं म्हणायचा मोह मला होतो, पण तिला तो विनोद आवडत नाही. तीन-चार घासांनंतर एक कोरडा आवंढा, खोबणीतलं साफ करायला. मधूनच मी “अ” म्हणायला लावते. आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला की थांबायचं.

पाणी घट्ट करून दिलं तेव्हा ती चिडली. “हे काय पानी व्हय?” खरंच नव्हतं. घट्ट पाणी माणसं कमी पितात आणि सुकतात, हा धोका ताईंनीही मान्य केला. तडजोड ठरली ती अशी. जेवताना घट्ट, आणि दोन जेवणांच्या मध्ये, दात-जीभ घासून तोंड स्वच्छ केलं असेल तरच, साधं पाणी घोटघोट. तोंडातले जंतू पाण्याबरोबर छातीत गेले की न्यूमोनिया बळावतो. म्हणून घासणं औषधाइतकं सांभाळायचं आणि दम्याच्या औषधाचा पंप ओढल्यानंतर चूळ भरायची. हे तिच्यासाठी तपासून ठरलं आहे. दुसऱ्या कोणाचा घसा वेगळा असेल, हनुवटीची हीच युक्ती त्याला चालेलच असं नाही.

एका जेवणाला ४० मिनिटं लागतात. मध्ये बोलायचं नाही. माय आता लग्नाच्या पंगतीला बसत नाही, सगळे हात धुऊन उठतात तेव्हा तिचा निम्मा भात उरलेला असतो. जेवणानंतर अर्धा तास आडवं पडायचं नाही, तेवढा वेळ आम्ही अंगणात बसतो आणि तेव्हा ती दिवसभराचं सगळं बोलून घेते.

चंद्रपूरच्या कोळसा खाणी, दुर्गापूरचं वीज केंद्र, जंगलातल्या सरपणाच्या धुरानं काळ्या झालेल्या चुली. या भागात दम लागणारी माणसं घरोघरी आहेत. तुमच्याकडं असं कोणी असेल तर आज रात्री टीव्ही बंद करून त्यांच्या समोर बसा. घास गिळल्यावर श्वास आत जातो की बाहेर येतो, जेवल्यावर आवाज ओला होतो का, एवढंच बघा. आणि डॉक्टर विचारतील याची वाट न बघता, पुढच्या खेपेला त्यांना ते सांगा.