चार दिवसांचा डाग

मेंदूच्या एमआरआयमध्ये डिफ्यूजन नावाची एक चित्रमालिका असते. तिच्यात एखादी जागा पांढरीशुभ्र उजळली की डॉक्टरांना आधी शंका येते ती पक्षाघाताची: रक्तपुरवठा बंद पडलाय, पेशी मरताहेत, आता एकेक मिनिट मोलाचं. पण कधीकधी असाच डाग मेंदूच्या बरोबर मध्यरेषेवर उमटतो, लंबगोल आणि रेखीव. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एमआरआय काढावा, तर तिथं काहीच नसतं. ओरखडासुद्धा नाही!

ही जागा म्हणजे महासंयोजकाचा मागचा जाड भाग, स्प्लेनियम. महासंयोजक हा मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा पट्टा. २००४ साली ताडा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी असे १५ रुग्ण एकत्र मांडले. आधी ताप, मग असंबद्ध बोलणं, गुंगी किंवा आकडी. सगळे जण महिनाभरात पूर्ण बरे झाले, काही तर आठवड्यातच. पुढं यादी वाढत गेली: इन्फ्लुएंझा, रोटाव्हायरस, कोविड, रक्तातली साखर घसरणं, आकडीची औषधं एकाएकी बंद करणं. भारतातल्या डॉक्टरांनी डेंगीतही हा डाग पाहिला. इतक्या निरनिराळ्या आजारांचा एकाच ठिकाणी एकसारखा डाग कसा पडावा?

उत्तर पाण्यात आहे. पाण्याचे रेणू कधीच स्वस्थ बसत नाहीत. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्यातला रेणू सेकंदाच्या विसाव्या भागात सरासरी १७ मायक्रोमीटर सरकतो, केसाच्या जाडीच्या साधारण पाव. या सैरभैर हालचालीचं गणित आइन्स्टाइननं १९०५ मध्ये मांडलं होतं, आणि डिफ्यूजन एमआरआय नेमकी तीच हालचाल मोजतो. जिथं रेणू अडकून पडलेत, ती जागा पांढरी दिसते. पक्षाघातात पेशींना ऊर्जा मिळत नाही, सोडियम बाहेर फेकणारे पंप थांबतात, पाणी आत घुसतं, पेशी फुगतात. १९९० साली मांजरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की रक्तपुरवठा तोडल्यावर काही वेळातच हा बदल पकडता येतो. म्हणजे डिफ्यूजनवर पांढरं दिसणं ही फक्त एक बातमी आहे: इथं पाणी कोंडलंय. ते कोणत्या कप्प्यात कोंडलंय, हे चित्र सांगत नाही.

आणि सगळी गंमत त्या कप्प्यातच आहे. महासंयोजकातल्या बहुतेक तंतूंवर मायलिनचे स्निग्ध पदर गुंडाळलेले असतात. तळताना चिरोट्याचे पदर सुटावेत तसे हे पदर एकमेकांपासून किंचित विलग होतात आणि त्या फटींत पाणी शिरतं, असा सर्वांत पटणारा तर्क आहे. रेणू अडकतात, डाग चमकतो. पण आतला तंतू शाबूत असतो. पाणी ओसरलं की पदर मिटतात.

तर्क हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. हा आजार इतका सौम्य, की रुग्ण बरा होऊन घरी जातो. मग ते ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली येणार कुठून? ज्याचे रुग्ण सहसा दगावत नाहीत, त्या विकाराची विकृती मुख्यतः सावल्यांवरूनच वाचावी लागते.

स्प्लेनियमच का, याचंही उत्तर असंच जुळवलेलं आहे. संसर्गात प्रतिकारशक्ती इंटरल्युकिन-६ सारखे संदेशवाहक रेणू सोडते. त्यांच्यामुळं मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशी ग्लुटामेट जास्त सोडतात आणि परत शोषतात कमी. ग्लुटामेटचा अतिरेक झाला की पेशींत पाणी शिरतं, आणि स्प्लेनियममध्ये त्याला प्रतिसाद देणारे ग्राहक दाटीनं असल्याचं मानलं जातं. कित्येक रुग्णांच्या रक्तात सोडियमही किंचित उतरलेलं आढळलं. सोडियम उतरलं की पाण्याला आत शिरायला निमित्तच मिळतं. म्हणून मूळ आजार कोणताही असो, शेवटचा टप्पा एकच.

मला मात्र सर्वांत नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. १८९२ मध्ये फ्रेंच डॉक्टर देजरीन यांनी एका रुग्णाचं वर्णन केलं होतं. डाव्या पश्चमेंदूसोबत त्याचं स्प्लेनियमही निकामी झालं होतं. त्याला लिहिता येई, पण स्वतःच लिहिलेलं वाचता येत नसे. आपल्या चार दिवसांच्या डागात असं सहसा होत नाही. रुग्ण बरळतो, त्याला आकडी येते, आणि ही लक्षणं काही स्प्लेनियमच्या खात्यातली नव्हेत. गडबड साऱ्या मेंदूत चालू असते. डाग गुन्हेगार नाही, साक्षीदार आहे. म्हणूनच डॉक्टर डागामागं न लागता तापाचं कारण शोधतात, साखर आणि सोडियम तपासतात, आकडी आवरतात.

साक्षीदार फार काळ थांबत नाही, एवढीच अडचण. डाग मोठा असून आजूबाजूच्या श्वेतद्रव्यातही पसरला असेल, तर कडेचे भाग आधी विझतात आणि स्प्लेनियम शेवटी. एमआरआयला दहा-बारा दिवस उशीर झाला, तर अहवालात ‘मेंदू सामान्य’ असंच येतं. पावसाळ्यात तापानं बरळून उठलेल्या किती पोरांच्या डोक्यात हा डाग येऊन गेला असेल, याची नोंद त्यामुळं कुठंच सापडायची नाही.