लिनक्सवर सॉफ्टवेअर बसत नाही तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबविला. विंडोज ११ घ्यावी तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चीप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कित्येक संगणक एका दिवसात जुने ठरले. ज्या घरात असा एकच संगणक आहे आणि शिकणारी मुले दोन-तीन आहेत, त्या घराला नवा घेणे परवडत नाही. म्हणून आपल्यापैकी काहींनी लिनक्सची वाट धरली आहे, आणि ती योग्य आहे असे आमचे मत आहे. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि तासाभरात बसते.

अडचण येते ती पुढे. एखादा प्रोग्राम बसवायला जावे तर पडद्यावर इंग्रजीच्या दहा ओळी उमटतात आणि काम थांबते. मग कोणी म्हणतो, हे आपल्याला जमणारे नाही. दुसरा कोणी सगळे पुसून नव्याने टाकण्याचा सल्ला देतो. त्या पुसण्यात मुलीचा प्रोजेक्ट जातो, मुलाच्या फॉर्मसाठी स्कॅन केलेले दाखले जातात आणि संगणक कपाटावर जाऊन बसतो. हे टाळता येते. या दहा ओळींत बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगितलेली असते, ती म्हणजे अमुक एक वस्तू कमी आहे.

संगणकवाले या प्रकाराला डिपेन्डन्सी म्हणतात. आपल्या वाचकांना ती समजावून सांगण्यासाठी जात पडताळणीच्या अर्जाइतके चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही. वैधता प्रमाणपत्र हवे तर आधी जातीचा दाखला हवा. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचे कागद आणि १९५० पूर्वीचा पुरावा. एक कागद नसला की फाइल परत येते. अर्ज खोटा नसतो, अर्जदारही अपात्र नसतो, फक्त कागद कमी असतो. लिनक्समधील प्रोग्राम असाच दुसऱ्या प्रोग्रामांच्या तयार भागांवर उभा असतो. चित्र उघडण्याचा भाग एकाने लिहिलेला, छपाईचा दुसऱ्याने, आणि सगळे ते वाटून वापरतात. या सामाईक भागांना लायब्ररी म्हणतात. लायब्ररी मिळाली नाही, किंवा हवी त्या आवृत्तीची मिळाली नाही, तर प्रोग्राम बसत नाही.

लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि १९९३ मध्ये इयन मरडॉक याने डेबियन सुरू केले. त्या काळी हे भाग माणसालाच शोधून आणावे लागत. एक आणावा तर तो आणखी तीन मागे. या त्रासाला इंग्रजीत डिपेन्डन्सी हेल, म्हणजे डिपेन्डन्सीचा नरक, असे नावच पडले. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर ॲप्ट नावाची व्यवस्था आली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. उबुंटू (२००४) आणि मिंट (२००६) याच घराण्यातली. येथे आम्ही याच घराण्याबद्दल लिहीत आहोत. फेडोरामध्ये ॲप्टच्या जागी डीएनएफ असते, पण विचार तोच. एक सूचना: आज्ञा आम्ही देवनागरीत दिल्या आहेत, त्या टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान लिपीतच टंकाव्यात.

ॲप्टच्या खाली डीपीकेजी नावाचे दुसरे साधन असते. डीपीकेजी म्हणजे हातात दिलेली फाइल कपाटात लावणारा शिपाई. कागद कमी असला तर तो तसे सांगतो, पण आणायला जात नाही. ॲप्ट मात्र यादी वाचतो, भांडारातून कमी असलेले भाग आणतो आणि मग शिपायाला देतो. हा फरक ध्यानात आला की निम्मे कोडे सुटते.

नेहमीचा प्रसंग घेऊ. कोणी संकेतस्थळावरून शेवटी डेब अशी खूण असलेली फाइल उतरवून घेतो आणि कुठेतरी वाचून ‘सुडो डीपीकेजी -आय’ ही आज्ञा देतो. उत्तर येते, ‘डिपेन्डन्सी प्रॉब्लेम्स, लीव्हिंग अनकॉन्फिगर्ड’. म्हणजे फाइल कपाटात ठेवली, पण कागद अपुरे म्हणून नोंद पूर्ण केली नाही. त्याच्या वरच्याच ओळींत कोणता भाग हवा त्याचे नाव असते. येथे ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ही आज्ञा दिली की ॲप्ट तो भाग आणून काम पूर्ण करतो. यासाठी इंटरनेट चालू पाहिजे. मुळात फाइल जेथे उतरली त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे बिंदू, तिरकी रेघ व फाइलचे नाव असे लिहिले असते तर हा फेरा पडलाच नसता.

दुसरा संदेश म्हणजे ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’. नावाचे स्पेलिंग आधी पाहावे. मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा द्यावी. या आज्ञेने काहीही बसत नाही, फक्त भांडाराची यादी ताजी होते. उबुंटूत काही सॉफ्टवेअर ‘युनिव्हर्स’ या विभागात असते, तो विभाग बंद असला तरी हाच संदेश येतो. आणि उबुंटूची आवृत्ती तपासावी. एलटीएस अशी खूण असलेल्या आवृत्तीला पाच वर्षे आधार असतो, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. मुदत संपली की त्यांचा माल नेहमीच्या भांडारातून हलवितात. म्हणून विद्यार्थ्यांनी एलटीएसच घ्यावी.

आता थोडे अवघड प्रकरण. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ आली आणि तिच्यात ओपनएसएसएलची तिसरी पिढी आली. इंटरनेटवरील देवाणघेवाण गुप्त राखणारी ही लायब्ररी होय. त्याआधी बनलेले कित्येक प्रोग्राम ‘लिबएसएसएल १.१’ मागत होते आणि नव्या भांडारात ती नव्हतीच. ‘डिपेन्ड्स... बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल’ असे उत्तर येऊ लागले. त्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय असा, की जुन्या उबुंटूच्या भांडारातून ती लायब्ररी उचलून आणावी आणि बसवावी. प्रोग्राम त्याने चालतो, हे खरे. परंतु ओपनएसएसएल १.१.१ ची सार्वजनिक देखभाल ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपली. त्यानंतर सापडलेली भोके त्या उचलून आणलेल्या प्रतीत कोणी बुजवीत नाही. आम्ही बँकेच्या खिडकीमागे बसणारे असल्यामुळे या बाबतीत जरा कडक आहोत. ज्या संगणकावरून घरचा पैशांचा व्यवहार होतो, त्यावर गुप्ततेची लायब्ररी शिळी ठेवू नये. योग्य मार्ग म्हणजे त्या प्रोग्रामची नवी डेब फाइल त्याच्या निर्मात्याकडून घ्यावी. ती नसेल तर त्याच कामाचा दुसरा प्रोग्राम भांडारात शोधावा.

काही वेळा वस्तू असते, नाव बदललेले असते. संगणक सेकंद मोजत पुढे जातो, आणि जुन्या ३२ बिटांच्या पद्धतीत ही मोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते. त्याची तयारी म्हणून उबुंटू २४.०४ (२०२४) व डेबियन १३ (२०२५) मध्ये अनेक लायब्ऱ्यांच्या नावापुढे टी६४ हे शेपूट लागले. ॲपइमेज प्रकारच्या फाइली चालण्यासाठी लिबफ्यूज२ लागते. ती उबुंटू २४.०४ मध्ये लिबफ्यूज२टी६४ या नावाने आहे. ‘ॲप्ट सर्च’ आणि नावाचा पहिला भाग एवढे लिहिले की अशी जोडनावे दिसतात.

सर्वांत धोक्याची गोष्ट मात्र वेगळीच आहे. नवा प्रोग्राम आणि जुने भाग यांचे जमत नसेल तर ॲप्ट कधी कधी जुने काढून टाकण्याचा प्रस्ताव ठेवतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडातील लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवायला घेतला. भांडारातील एका चुकीमुळे ॲप्टने त्यासाठी संपूर्ण डेस्कटॉपच काढण्याची यादी दाखविली. हे हानिकारक ठरू शकते, खात्री असेल तर ‘येस, डू ॲज आय से’ असे टंका, अशी ताकीदही दिली. त्याने ते वाक्य टंकले आणि डेस्कटॉप गेला, उरला तो काळा पडदा. संगणकाचा चांगला जाणकार माणूस तो! पुढे ॲप्टच्या कर्त्यांनी अशी अत्यावश्यक पॅकेजे काढण्यास अधिक अटकाव केला, आणि २०२५ च्या ॲप्ट ३.० पासून काढली जाणारी नावे लाल रंगात दिसतात. तरीही होकाराचे ‘वाय’ दाबण्यापूर्वी ‘रिमूव्ह’ या शब्दाखालची यादी वाचावी. एक प्रोग्राम बसवायचा आहे आणि यादीत वीस नावे जाणार आहेत, तर ‘एन’ दाबून थांबावे. व्हाउचरवर सही करण्यापूर्वी आकडा पाहतो, तेवढेच हे काम आहे.

आपल्याकडे वीज मध्येच जाते आणि सॉफ्टवेअर अर्धवट बसलेले राहते. पुढच्या वेळी ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असा संदेश येतो. त्याच संदेशात उपाय लिहिलेला असतो, ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. ती आज्ञा द्यावी, बहुधा गाडे पुढे सरकते. ‘कुड नॉट गेट लॉक’ असा संदेश आला तर दुसरे कोणी, बहुतेक आपोआप होणारे अपडेट, त्याच कपाटात काम करीत असते. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. कुलपाची फाइलच पुसून टाका असा सल्ला मिळतो, तो घेऊ नये. दोघांनी एकाच वहीत एकाच वेळी नोंदी केल्या तर वहीचे काय होईल, ते सांगायला नको. डिस्क भरली असली तरीही बसविणे अडते, म्हणून ‘डीएफ -एच’ ने उरलेली जागा पाहावी.

प्रोग्राम बसला पण उघडताना ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असे म्हणून बंद पडला, तर टर्मिनलमध्ये ‘एलडीडी’ आणि पुढे त्या प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहावा. जेथे ‘नॉट फाउंड’ दिसेल तो कमी असलेला भाग. तो कोणत्या पॅकेजात मिळतो हे ‘ॲप्ट-फाइल सर्च’ सांगतो. ॲप्ट-फाइल आधी बसवून त्याचीही यादी ताजी करावी लागते.

कधी कधी संदेश न येताही भाग कमी असतो. टेसरॅक्ट हा छापील मजकूर ओळखणारा प्रोग्राम १९८० च्या दशकात ह्युलेट-पॅकार्डमध्ये सुरू झाला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. आपल्या जुन्या स्मरणिका, पत्रके, सभांचे अहवाल संगणकात आणायला तो फार उपयोगी आहे. पण बसविल्यावर त्याच्याबरोबर इंग्रजीच येते. मराठी पान दिले की इंग्रजी अक्षरांचा कचरा बाहेर पडतो, आणि लोक समजतात की याला मराठी येत नाही. ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’ हे पॅकेज वेगळे बसवावे लागते आणि वाचताना भाषा म्हणून ‘एमएआर’ सांगावे लागते. मराठी टंकनाचेही तसेच. आयबसबरोबर ‘आयबस-एम१७एन’ असले की त्यातील मराठी कळफलकांची निवड पुढे येते.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप या नव्या पद्धतींत प्रोग्राम आपली बहुतेक शिदोरी बरोबर घेऊन येतो, त्यामुळे वरचे बरेच प्रश्न उद्भवत नाहीत. मात्र लहानशा प्रोग्रामासाठीही शेकडो एमबी उतरवावे लागतात. मोबाइलच्या डेटावर काम चालविणाऱ्याने आधी आकडा पाहावा.

कोणाला मदत विचारायची झाली तर ‘चालत नाही’ एवढे सांगून भागत नाही. आज्ञा कोणती दिली, उत्तर काय आले आणि लिनक्सची आवृत्ती कोणती, हे तिन्ही जसेच्या तसे द्यावे. ॲप्ट स्वतःचे रोजकीर्दही ठेवतो. ‘व्हार’ या फोल्डरात ‘लॉग’, त्यात ‘ॲप्ट’, आणि त्यात ‘हिस्टरी डॉट लॉग’ ही फाइल. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या आज्ञेने काय आले आणि काय गेले, ते तेथे तारीखवार लिहिलेले असते. काल चालत होते आणि आज चालत नाही, अशी तक्रार असेल तर प्रथम तेथील कालची नोंद उघडावी.