शेत माझं, मग मुरूम कुणाचा? गौण खनिजाचा कायदा सोप्या भाषेत

उन्हाळा लागला की गावोगावी रस्त्यांची, बांधकामांची कामं सुरू होतात आणि मुरूम, माती, खडीची मागणी वाढते. अशा वेळी एखादा ठेकेदार शेतकऱ्याच्या दारात येतो. "तुमचं टेकाड फुकटात सपाट करून देतो, वर चार पैसेही देतो. मुरूम तेवढा आम्ही नेतो," असं सांगतो. शेतकऱ्याला वाटतं, जमीन आपली, सातबारा आपल्या नावावर, मग अडचण कसली? तोंडी व्यवहार ठरतो, दोन-चार दिवस पोकलेन चालतं, ट्रॅक्टर-डंपरच्या खेपा होतात. ठेकेदार निघून जातो. काही महिन्यांनी तहसील कार्यालयाची नोटीस येते आणि तिच्यावर नाव असतं शेतकऱ्याचं.

असं का होतं, कायदा नेमका काय सांगतो आणि शेतकऱ्यानं स्वतःला कसं वाचवावं, हे पाहू.

गौण खनिज म्हणजे काय?

देशातल्या खाणी आणि खनिजांसाठी १९५७ चा खाण आणि खनिजे (विकास व विनियमन) कायदा आहे. कोळसा, लोहखनिज, बॉक्साइट ही प्रमुख खनिजं. बांधकामाचा दगड, खडी, मुरूम, साधी वाळू, साधी माती यांना गौण खनिज म्हणतात. 'गौण' या शब्दावरून ही किरकोळ बाब वाटेल, पण तसं नाही. या खनिजांचे नियम करण्याचा अधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार राज्य सरकारकडे आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत.

जमीन माझी, तरी खनिज सरकारचं?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ इथे महत्त्वाचं आहे. सरकारनं एखाद्याला हक्क दिलेला नसेल, तर खनिजांवरचा हक्क राज्य सरकारचा, असं हे कलम सांगतं. म्हणजे शेतात पेरायचं काय, हे शेतकरी ठरवतो. पण त्याच शेतातला मुरूम काढून विकायचा असेल तर परवानगी घ्यावी लागते आणि सरकारला रक्कम भरावी लागते. या रकमेला स्वामित्वधन म्हणतात. गावाकडे तिलाच 'रॉयल्टी' म्हणतात.

जुलै २०२१ पासून दगड, मुरूम, वाळू अशा गौण खनिजांसाठी स्वामित्वधनाचा दर ब्रासला ६०० रुपये झाला. त्याआधी तो ४०० रुपये होता. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. स्वामित्वधनाबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही भरावा लागतो. दर बदलत असतात, त्यामुळे अर्ज करताना तहसील कार्यालयात चालू दर विचारून घ्यावा.

विनापरवाना उत्खननाचा दंड किती?

कलम ४८ (७) नुसार विनापरवाना काढलेल्या खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. या कलमात शेत, बांध, नाला, खाडी, नदीपात्र अशा जागांची नावंच दिलेली आहेत. शेताचा बांध दुरुस्त करत होतो, बांध घालत होतो, ही सबब चालणार नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. गावात सर्रास दिलं जाणारं कारण कायद्यानं आधीच खोडून ठेवलंय.

हिशेब करून पाहू. समजा ठेकेदारानं शेतातून २०० ब्रास मुरूम नेला आणि मुरमाचा बाजारभाव ब्रासला १,००० रुपये धरला.

• रीतसर परवाना काढला असता तर स्वामित्वधन: २०० × ६०० = १ लाख २० हजार रुपये.
• विनापरवाना नेला तर: बाजारभावानं किंमत २ लाख, पाचपट दंड १० लाख, त्यावर स्वामित्वधन १ लाख २० हजार. एकूण ११ लाख २० हजार रुपये.

शेतकऱ्याच्या हातात मात्र ठेकेदारानं दिलेले चार पैसेच पडलेले असतात.

दंड भरला नाही तर तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो. बोजा चढला की बँकेचं कर्ज, खरेदीखत, वाटणी या सगळ्यातच अडचणी येतात.

वाहनाचं काय होतं?

कलम ४८ (८) नुसार उत्खननाला आणि वाहतुकीला वापरलेली यंत्रं, वाहनं जप्त करता येतात. दंड आणि बंधपत्र दिल्याशिवाय ती सुटत नाहीत. जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेनुसार ही रक्कम ट्रॅक्टर-ट्रॉलीला १ लाख, डंपर किंवा फुल बॉडी ट्रकला २ लाख, तर पोकलेनसारख्या उत्खनन यंत्राला साडेसात लाख रुपये आहे. खनिजाचा दंड वेगळाच. कर्जावर ट्रॅक्टर घेऊन भाड्यानं चालवणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावं. एका खेपेच्या भाड्यासाठी अख्खा ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात उभा राहू शकतो.

चोरीचाही गुन्हा

प्रकरण दंडावरच थांबेल असं नाही. नदीतून बेकायदा वाळू काढणं ही खाण कायद्याच्या भंगासोबत चोरीही ठरू शकते आणि पोलीस त्यासाठी वेगळा गुन्हा नोंदवू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केलं. खाण कायद्याच्या कलम २१ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. वारंवार वाळूचोरी करणाऱ्यांवर एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्धतेची कारवाईही होऊ शकते.

वाळूवर एवढी कडक नजर का?

वाळूचा थर नदीतलं पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू जमिनीत मुरवतो. हा थर खरवडून काढला की पात्र खोल जातं आणि त्यासोबत काठच्या विहिरींची पाणीपातळीही उतरते. पुलांचे पाये उघडे पडतात, पुरात काठ ढासळतात. वाळू नेणारा एकजण असतो, पण विहीर आटते ती दहा जणांची. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात, पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल, असा आदेश दिला.

राज्याचं नवं वाळू-रेती निर्गती धोरण एप्रिल २०२५ मध्ये आलं. त्यात डेपो पद्धत बंद करून वाळूगटांचे ई-लिलाव करायचं ठरलं. घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र मोफत वाळू म्हणजे थेट नदीत ट्रॅक्टर घालायची मुभा नव्हे. मंजूर ठिकाणाहून, पास घेऊनच वाळू उचलावी लागते.

कुठे सूट मिळते?

सगळ्याच मातीला रॉयल्टी लागते, असंही नाही.

*त्याच जागेत वापरलेली माती:* पाया खोदताना निघालेली माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली तर स्वामित्वधन लागत नाही. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला आणि २०१५ मध्ये राज्यानं नियमात तशी दुरुस्ती केली. माती बाहेर नेली किंवा विकली की सूट संपली.

*धरण-तलावातला गाळ:* 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात टाकायला गाळ नेता येतो, त्यावर स्वामित्वधन नाही. अल्प व अत्यल्प भूधारकांना एकरी १५ हजार, अडीच एकरांपर्यंत जास्तीत जास्त ३७,५०० रुपये अनुदानाची तरतूद आहे. पण ही सवलत गाळापुरतीच आहे. गाळाच्या नावाखाली वाळू किंवा मुरूम उचलला, तर तो बेकायदाच.

*पारंपरिक व्यवसाय:* कुंभारकाम करणाऱ्यांसारख्या पारंपरिक कारागिरांना नियमांत सवलती आहेत. त्याही आपोआप मिळत नाहीत. तहसीलदारांकडे अर्ज करून लेखी मंजुरी घ्यावी लागते.

पेसा गावांना जादा अधिकार

राज्यातल्या १३ जिल्ह्यांत पेसा कायद्याखालची अनुसूचित क्षेत्रातली गावं आहेत. १९९६ च्या या कायद्यानुसार तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी किंवा लिलाव करण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. त्यामुळे ग्रामसभेची नोटीस निघाली की घरी बसू नये. ठराव काय लिहिला जातोय, ते वाचून घ्यावं आणि हरकत असेल तर ती इतिवृत्तात नोंदवायला लावावी.

ठेकेदार दारात आला तर काय करावं?

१. आधी परवान्याची प्रत मागावी. त्यात गट नंबर, खनिजाचं प्रमाण आणि मुदत बरोबर आहे का, ते पाहावं. 'साहेबांशी बोलणं झालंय' म्हणजे परवाना नव्हे.

२. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या स्टॅम्प पेपरवर सही करू नये. किती ब्रास, किती खोल, खड्डा कोण बुजवणार आणि स्वामित्वधन कोण भरणार, हे सगळं लेखी करावं.

३. प्रत्येक खेपेला वाहतूक पास असतो. शासनाच्या 'महाखनिज' प्रणालीतून तो निघतो. गाडी शेतातून बाहेर पडताना पासाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा. वाहन क्रमांक, तारीख आणि वेळ जुळते का, ते तपासावं.

४. काम सुरू होण्याआधीचे आणि संपल्यानंतरचे जागेचे फोटो ठेवावेत. पुढे मोजणीचा वाद निघाला तर हाच पुरावा उपयोगी पडतो.

५. परवानगीशिवाय कुणी शेतात खोदत असेल तर त्याच दिवशी तहसीलदार आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही. खड्डा आपल्या गट नंबरात असतो, त्यामुळे गप्प बसलं तर पहिली विचारणा आपल्यालाच होते.

नोटीस आलीच तर?

नोटीस घडी करून कपाटात ठेवू नये. मुदतीत लेखी खुलासा द्यावा. पंचनाम्याची प्रत मागावी. मोजमाप कुणी केलं, कधी केलं, पंच कोण होते, जुना खड्डा नव्यात धरला का, हे तपासावं. जुन्या खड्ड्याचा मुरूमही आपल्या नावावर लागला असेल तर फेरमोजणीची मागणी करावी. ठेकेदाराशी झालेला करार, फोटो, पैशांच्या नोंदी खुलाशासोबत जोडाव्यात.

तहसीलदारांचा आदेश मान्य नसेल तर महसूल संहितेनुसार उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. त्यासाठी ६० दिवसांची मुदत आहे. ती उलटली की उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं, आणि तोवर वसुली सुरू झालेली असू शकते.

टेकाड सपाट होतं दोन दिवसांत, पण सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला वर्षं जातात. म्हणून पोकलेनला शेतात शिरू देण्याआधी परवान्याचा कागद हातात घ्यावा.